मोटर फिरून राहिली

मुलाखतीत काकांनी मला एकच प्रश्न विचारला. "आपल्याला सायकल येते का?"

मी इलेक्ट्रिकलची डिग्री, सगळ्या मार्कलिस्ट आणि त्यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून वाघोलीहून बस बदलत बदलत धायरीला आलो होतो. वाघोली पुण्याच्या एका टोकाला आणि धायरी दुसऱ्या. एवढं अख्खं शहर ओलांडून आलेल्या इंजिनिअरला सायकल येते का, हे काय विचारणं झालं? माझं डोकं तसं लवकर तापतं. पण नोकरीची गरज डोक्यापेक्षा मोठी होती, म्हणून "येते" एवढंच म्हणालो.

"वा. इंजिनिअर पुष्कळ येऊन गेले, सायकल येणारे आपण पहिलेच. कुठले आपण?"

"यवतमाळचा, सर."

"लांब आहे," ते म्हणाले. यवतमाळ लांब असण्यात माझाच काहीतरी हलगर्जीपणा असावा, असा त्यांचा सूर होता. "आणि सर नको. ही शाळा नाही. काका म्हणा."

मुलाखत संपली. फाइल मी उघडलीसुद्धा नाही.

काका साठीच्या पुढचे. राहायला शनिवार पेठेत. उभं आयुष्य पिंपरीकडच्या एका मोठ्या कारखान्यात विजेच्या मोटरी तपासण्यात गेलेलं. मग बाहेरच्या कंपन्या आल्या, कारखान्याला माणसं जास्त वाटू लागली आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली इच्छा कोणाची होती हे विचारायचं नसतं, असं ते सांगायचे. घरी बसून दोन वर्षांत बायकोशी पुरेसे वाद घालून झाल्यावर त्यांनी धायरीत एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि विजेवर चालणारी सायकल करायला घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पुण्याने सायकल सोडली ती आळसाने नाही, चढामुळे सोडली. शहर चारी बाजूंनी टेकड्यांवर चढत गेलं, तशी माणसं सायकलवरून उतरत गेली. चढ काढून टाकता येत नाही, तर सायकलला मोटर लावावी.

मी वाघोलीत आमच्या भागातल्या पोरांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचो. त्यातले काही आयटीत लागले होते, बाकीचे लागण्याच्या बेतात होते. मी दोन्हींत नव्हतो. बाबांचं गावात हार्डवेअरचं दुकान. नळ, खिळे, पत्रे, रंग, सगळं. मी पुण्याला निघालो तेव्हा त्यांनी स्टँडवर एवढंच सांगितलं, "दिवाळीलोक पाह्य. जमलं तं जमलं, नाई तं दुकानात बस." बाबांचं 'दिवाळीलोक' म्हणजे दिवाळीपर्यंत. आणि त्यांच्या बोलण्यात 'पाह्य' आलं की विषय संपलेला असतो.

दुकान वाईट नव्हतं. पण त्या गल्ल्यामागची लाकडी खुर्ची मी लहानपणापासून पाहत होतो, आणि तिच्यात बसलं की माणूस उठत नाही हेही पाहत होतो. मला पुण्यात राहायचं होतं. पुण्याला मी राहिलेला चालणार होतो की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. काकांनी मला ट्रायलवर घेतलं होतं. शनिवार पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्या शेठनी आमची सायकल दुकानात ठेवायला घेतली, तर शेड चालणार आणि मी कायम. नाही घेतली तर शेडला कुलूप आणि मी यवतमाळच्या एसटीत. थोडक्यात, मोटर आणि मी दोघंही ट्रायलवर होतो, आणि काकांचं लक्ष मोटरकडे जास्त होतं.

ही मोटर मागच्या चाकाच्या मधोमध बसायची. बाहेरून पाहिलं तर नुसता एक जाड डबा. आत एक लहानशी मोटर भन्नाट वेगाने फिरते, आणि तिच्याभोवतीची नायलॉनची दातेरी चाकं तो वेग कमी करून त्याची ताकद करतात. आणखी एक गंमत म्हणजे मोटर बंद झाली की ती चाकाची संगत सोडते. चाक आपलं मोकळं फिरतं, साध्या सायकलसारखं. दुसरी एक जात असते, तिच्यात ही दातेरी चाकं नसतात. ती बंद पडली तरी चाकाला धरून बसते आणि पेडल मारणाऱ्याचा जीव काढते. काका तिला म्हैस म्हणायचे. आमच्या मोटरचा दोष एकच, ती चालताना घरघरायची.

माझं काम म्हणजे सायकल स्टँडवर अशी लावायची की मागचं चाक अधांतरी राहील, मग मोटर चालू करून तासन् तास तिच्याकडे बघत बसायचं. मधूनमधून डबा किती तापला ते पाहायचं. थर्मामीटर होता, पण काकांचा विश्वास स्वतःच्या तळहातावर. डब्यावर हात ठेवून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "हा अजून दुधाचा पेला आहे." किंवा, "आता चहाचा कप झाला. कप चालतो. पातेलं झालं की मला सांगा." थर्मामीटर मग मी माझ्याच समाधानासाठी लावायचो.

एकदा ते शेठ शेडवर आले. त्यांचं कुटुंब कैक पिढ्या पुण्यातलं, दुकान आजोबांच्या वेळचं, आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षाच काय, रेडिओवरच्या बातम्यांपेक्षाही शुद्ध. काका आणि ते एका बाकावर शिकलेले, तरी एकमेकांना अहो म्हणायचे. अहो म्हटल्याने अपमान करायला मोकळीक मिळते, हे मला त्या दिवशी समजलं.

शेठनी डब्यावर टिचकी मारली. "ह्याच्यात कुत्री आहेत का?"

मी दचकलो. पण फ्रीव्हीलच्या आत दात्यांना अडकणारे जे बारके तुकडे असतात, ज्यांचा उतारावर टिकटिक आवाज येतो, त्यांना सायकलवाले कुत्री म्हणतात. मोटर सुटली की चाक मोकळं फिरतं का, असं त्यांना विचारायचं होतं.

"आहेत," काका म्हणाले. "पण ती भुंकत नाहीत."

"मग हे घरघरतंय काय? गिऱ्हाईक आवाजाला नाक मुरडतं."

"गिऱ्हाईक स्वतः घोरतं, ते चालतं का?"

शेठ हसले नाहीत. "बरं, आणि बंद पडली तर?"

"बंद पडणार नाही."

"अहो, पण पडली तर?"

"आपल्या दुकानातल्या सायकली पंक्चर होतात, म्हणून आमची मोटर बंद पडेल असं नाही."

"पुढच्या शुक्रवारी नमाज झाली की येतो. त्या मागच्या चढावर चालवून दाखवा," असं म्हणून शेठ गेले.

आता खरी गोष्ट सुरू होते. काका दुपारी जेवायला शनिवार पेठेत जायचे, आणि जेवल्यावर पुण्यात जे करतात ते करून मगच यायचे. त्या दिवशी झोप उघडल्याबरोबर त्यांचा फोन आला.

"काय परिस्थिती?"

"फिरून राहिली, काका."

"कधी?"

"तुम्ही गेले तेव्हापासून."

"मी गेल्यापासून? आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तुम्ही आत्ता विचारलं ना."

"मग इतका वेळ आपण काय करत होतात?"

"पाहून राहिलो."

"पाहून राहिलात! उत्तम! बंद करा. बटण बंद करा आणि हात लावू नका. मी येतो."

मी बटण बंद केलं. मालक सांगतात, तर करायचं. अर्ध्या तासात काका घामाघूम होऊन आले, शर्टाचं वरचं बटण उघडं, आणि सरळ पाना घेऊन बसले. मला वाटलं, इतका वेळ चालवल्यावर मोटर उघडून पाहायची असेल, ही ह्यांची पद्धत असेल. त्यांनी मोटरची वायर सोडवली, चाक काढलं, डबा उघडला. आत दातेरी चाकं धडधाकट, ग्रीस जागच्या जागी, जळकट वास नाही. काका चक्रावले. परत सगळं बसवलं. वायर जोडायला मी हात पुढे केला तर म्हणाले, "आपण राहू द्या. हे मी करतो." बटण दाबलं, मोटर गुणगुणायला लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन, तेच उत्तर, तीच धावपळ. मोटर उघडली, मोटर ठणठणीत. काका गंभीर झाले. "ही मी समोर असलो की चालते आणि पाठ फिरवली की राहते," ते म्हणाले. "हिला कारखान्यात नोकरी मिळाली असती." मला ह्यातलं अक्षर कळेना. मोटर दिवसभर मस्त चालते, मी तसं सांगतो, आणि हा माणूस रोज येऊन तिची आतडी बाहेर काढतो. मनात आलं, ह्यालाच पुणेरी चिकित्सा म्हणत असतील.

तिसऱ्या दिवशी काका जेवायला गेलेच नाहीत. गेल्यासारखं दाखवून कोपऱ्यावरच्या टपरीवर बसले, आणि थोड्या वेळाने फोन कानाला लावून दबक्या पावलांनी परत आले. माझी पाठ दाराकडे होती.

"काय परिस्थिती?" फोनमधून आलं.

"फिरून राहिली," मी म्हणालो.

"अहो, फिरतेय की ही!" हे मात्र फोनमधून आणि पाठीमागून, दोन्हींकडून आलं.

मी वळून पाहिलं. दारात काका, कानाला फोन, डोळे चाकावर. माझं डोकं मग तापलंच. "तेच तं सांगून राहिलो तीन दिवसांपासून!"

काका खुर्चीत बसले. मग सावकाश, वर्गात फळ्यासमोर उभं केलेल्या मुलासारखं म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे 'राहिली' म्हणजे चालू आहे."

"हो. फिरून राहिली म्हणजे फिरते आहे. करून राहिलो म्हणजे करतो आहे."

"आमच्याकडे पाऊस राहिला म्हणजे थांबला. कंबर राहिली म्हणजे कामातून गेली. मोटर फिरून राहिली म्हणजे फिरली, फिरली, आणि राहिली! 'फिरत राहिली' म्हणायला काय होतं तुम्हाला? एका अक्षराचा तर फरक आहे."

"तुम्हालाही एका अक्षराचाच फरक समजून घ्यायचा होता."

ह्यावर काका असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. संध्याकाळी त्यांनी हा किस्सा फोनवर शेठना सांगितला, घरी काकूंना सांगितला, टपरीवाल्यालाही सांगितला. दुसऱ्या दिवसापासून टपरीवाला मला पाहिलं की विचारायचा, "काय, चहा पिऊन राहणार?" काका मात्र झाल्या प्रकाराकडे शास्त्रीय दृष्टीने पाहत होते. "'राहिली' म्हणजे चालू," ते स्वतःशी घोकायचे. "लक्षात ठेवलं पाहिजे. माणूस आपला आहे, भाषा आपण शिकली पाहिजे."

'माणूस आपला आहे' हे माझ्या कानावरून गेलं, कारण मी त्या हसण्यावरच अडलो होतो. मला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली होती. ह्या शहरात राहायचं तर ह्या शहरासारखं बोललं पाहिजे, असं मी ठरवलं. बसमध्ये लोकांची बोलणी चोरून ऐकायला लागलो. 'मले' तोंडात आलं की गिळून 'मला' म्हणायचो. वाक्याच्या शेवटी 'हो' लावायला शिकलो, तो फार सोयीचा निघाला. मदतीलाही लागतो आणि टोमण्यालाही. वाघोलीच्या फ्लॅटवर पोरांनी माझी यथेच्छ टर उडवली. "लय पुनेरी होऊन राहिला बे हा," असं एक जण म्हणाला की बाकीचे खिंकाळायचे. मी त्यांना म्हणालो, "होऊन राहिलो नाही. होतोय." त्यावर उशी फेकून मारली त्यांनी.

म्हणजे एकीकडे काका माझी भाषा शिकत होते आणि दुसरीकडे मी काकांची. आम्ही एकमेकांना हे सांगितलं असतं तर शुक्रवार सुरळीत पार पडला असता.

शुक्रवारी दुपारी शेठ आले, पांढराशुभ्र कुडता, अत्तराचा वास. ठरलं असं की काका आणि शेठ चढाच्या माथ्यावर थांबतील आणि मी खालून निघून त्यांच्यापर्यंत येईन. मधे वळण असल्याने त्यांना मी शेवटपर्यंत दिसणार नव्हतो, म्हणून मोबाइल खिशात. काकांनी सायकलवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहून घसा खाकरला. "सावकाश या," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. तेव्हा मला कळलं की घाबरलेला मी एकटाच नाही.

मी निघालो. अंगठ्याने बटण दाबलं, मोटर घरघरली आणि सायकल अशी चढायला लागली की मागून कोणी तरी पाठीवर हात ठेवून नेतंय. धायरी तेव्हा अर्धी गाव होती आणि अर्धी इमारतींचे सांगाडे. रस्त्यावर गतिरोधक मात्र शहराच्याही वरताण, ज्याचं घर त्याचा एक. प्रत्येकावर सायकल दणके खात होती. अर्धा चढ झाला असेल, एका उंच गतिरोधकावरून चाक आदळलं आणि घरघर थांबली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

मी पाय टेकले. माझ्या डोळ्यांसमोर दुकानातली लाकडी खुर्ची आली, गादीवरच्या बाबांच्या बसण्याच्या खळग्यासकट. मग फोन काढला, आणि अशा वेळीही ठरवलं की बोलायचं ते चोख पुणेरी बोलायचं.

"काका, मोटर राहिली हो."

"उत्तम!" काकांचा आवाज खणखणीत. "येऊ द्या तशीच."

फोन बंद झाला. मी थक्क झालो. धंदा बुडतोय आणि हा माणूस उत्तम म्हणतो! मग वाटलं, काकांनी हार पत्करली आहे आणि ती सभ्यपणे पत्करली आहे. ह्या माणसाला आपण फुकट नावं ठेवली, असंही वाटलं. रस्त्याकडेला शेळ्या घेऊन बसलेले एक आजोबा मघापासून बघत होते. ते म्हणाले, "मोटार हाय म्हनं तुमच्या सायकलीला?"

"हाय," मी चिडून म्हणालो, "पण आज तिची सुट्टी हाय," आणि पेडल मारायला लागलो.

बॅटरीचं ओझं होतं, चढ होता, पण सायकल गेली. सगळ्यात हलक्या गिअरला लावून, दम खात, साधी सायकल चढवतात तशी. मोटर बंद होती आणि तिने चाकाची संगत सोडली होती, ती मला मागे ओढत नव्हती. हे सगळं माझ्या पायांना कळत होतं. डोक्यात मात्र नुसती एसटी उभी होती.

वळणावरून मी वर आलो तर शेठ टाळ्या वाजवत होते. "क्या बात है! अहो, आवाज कुठे गेला? आठवड्यात आवाज घालवलात?"

काका हसत पुढे आले आणि सवयीने खाली वाकून त्यांनी डब्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. मग उघडले. मी एवढ्या जवळून कोणाच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरताना पाहिलं नव्हतं.

"हा तर ताकाचा पेला आहे," ते हळूच म्हणाले.

शेठना काहीच कळलं नव्हतं. ते हँडल, ब्रेक न्याहाळत होते, खूश होते. काका गप्प राहिले असते तर सौदा तिथेच झाला असता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मीही त्यांच्याकडे. मग ते ताठ उभे राहिले. "शेठ, मोटर बंद आहे," ते म्हणाले. "ही पायाने आली आहे."

"बंद? अहो, आत्ता तर फोन ठेवून फिरतेय म्हणालात!"

"हे म्हणाले, राहिली."

"मग? राहिली म्हणजे थांबली ना?"

"त्यांच्याकडे राहिली म्हणजे चालू असते. मी शिकलोय!"

"काका, राहिली म्हणजे बंद!" मी ओरडलो. "पुण्यात राहिली म्हणजे बंद! मी पुण्याचं बोललो!"

"पुण्यात काय बोलतात ते आता यवतमाळ शिकवणार मला? इतके दिवस फिरून राहिली, आज नुसती राहिली, माणसाने समजायचं काय?"

"तुम्हीच म्हणाले ना, पाऊस राहिला म्हणजे थांबला!"

"म्हणालात! तुम्ही म्हणालात!" काका कडाडले. एवढ्या आगीतही त्यांचं व्याकरण सुटलं नाही.

आमचं असं रस्त्यावर जुंपलेलं असताना शेठ कुठे गेले ते आम्हाला समजलं नाही. पाहतो तर कुडत्याचा घोळ एका हातात धरून ते त्याच बंद सायकलवर बसून चढाच्या पुढच्या भागाला लागले होते. अंगाने भारी माणूस, उभे राहून पेडल मारत होते. दूरवर जाऊन वळले आणि उतारावरून मोकळं चाक सोडत खाली आले. टिकटिक टिकटिक, आतली कुत्री पहिल्यांदाच ऐकू येत होती. आमच्यासमोर येऊन त्यांनी ब्रेक लावला. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा फुलला होता.

"मागे मी एक सायकल ठेवली होती," ते म्हणाले. "तुमच्या त्या म्हशीच्या जातीची. एका बाईंची बॅटरी भर बाजारात संपली. पेडल हलेना. ढकलत ढकलत दुकानात आल्या आणि साऱ्या पेठेसमोर मला असं बोलल्या की मी दोन दिवस गल्ल्यावर बसलो नाही. म्हणून विचारत होतो, बंद पडली तर काय? आणि आपण आपले, पडणार नाही, पडणार नाही! अहो, चालू असली की सगळ्यांच्याच चालतात. बंद पडलेली चालवून दाखवणारे तुम्ही पहिले."

काका खाली बसले आणि त्यांनी वायर चाचपली. मोटरच्या वायरचा जोड अर्धवट सुटला होता. चाक काढ-घाल करताना तो शेवटपर्यंत दाबला गेला नव्हता, गतिरोधकांनी उरलेलं काम केलं. तो जोड कोणी बसवला होता हे काकांना आठवत होतं आणि मलाही. त्यांनी तो घट्ट दाबला, मी बटण दाबलं, मोटर घरघरली.

"लागली परत भुंकायला," शेठ म्हणाले. "असू द्या. दिवाळी झाली की सायकली पाठवा."

शेठ गेल्यावर आम्ही शेडवर आलो. काकांनी स्वतः टपरीवरून चहा आणला, हे आजवर घडलं नव्हतं. पेला माझ्या हातात देऊन भिंतीकडे बघत म्हणाले, "दिवाळीला घरी जाऊन या. मग या वेळेवर." आणि जरा थांबून, "राहताय ना?"

"राहतो," मी म्हणालो. चहा गोडमिट्ट होता, तरी पूर्ण प्यायलो.

लगेच बाहेर जाऊन बाबांना फोन लावला. दुकानात गर्दीची वेळ होती, मागे पत्र्याचा खडखडाट ऐकू येत होता. मला आनंद आवरत नव्हता.

"काय करून राहिला?" बाबांनी विचारलं. हा त्यांचा नमस्कार.

"बाबा, जमलं. नोकरी पक्की झाली. मी पुण्यात राहिलो."

पलीकडे खडखडाट तसाच चालू होता, पण बाबा बोलेनात. मला वाटलं फोन कटला.

"राहून राहिला," त्यांनी हळू विचारलं, "का नुसता राहिला?"

मी उभा होतो तिथे खाली बसलो. काकांना मी फुशारकीने समजावून सांगितलेला तो 'राहिली'चा फरक माझ्या बापाला कोणी समजावायची गरज नव्हती. राहून राहिला म्हणजे सध्या आहे, अजून आहे, येईल. राहिला म्हणजे राहिला. पुणेरी बोलायच्या नादात माझ्या तोंडून खरं काय ते निघून गेलं होतं, आणि ते त्यांनी मुकाट्याने ऐकलं होतं. मला रडू फुटलं. ते फोनमध्ये जाऊ नये म्हणून मी फोन जरा लांब धरला.

"राहून राहिलो, बाबा," मी म्हणालो. "राहून राहिलो मी."

"मंग ठीक हाये. दिवाळीले येजो."

त्यांनी फोन गल्ल्यावर ठेवला, पण बंद करायचा राहिला. कोणी तरी गिऱ्हाईक विचारत होतं, कोणाचा फोन होता म्हणून. बाबा त्याला सांगत होते, खिळे मोजता मोजता, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.

"आमचा पोट्टा होता. पुन्याले राहून राहिला."